उतरलेला आकडा

पट्टीवरचा डाग सकाळी साडेसात वाजता अडीच इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद होता. मोजपट्टी मी टेकवली नाही, वरून धरली. मधला भाग पिवळा, त्याभोवती हिरवट कडा, आणि सगळ्यात बाहेर चहा सांडून वाळावा तसा तपकिरी पट्टा. आदल्या दिवशी याच वेळी लांबी पावणेदोन इंच होती. ही मापं मी तारीख घालून एका वहीत लिहीत असे. ती कुणी मागितली नव्हती.

हिरवट कडा पाहून माई म्हणाली, "पाल्याचा रंग असेल गं तो."

पाला बांधला त्याला महिना झाला होता. तो रंग पाल्याचा नव्हता. पांढऱ्या पेशींच्या पोटात एक हिरवं द्रव्य असतं. पेशी धड असते तोवर ते आत राहतं, ती फुटली की बाहेर सांडतं. शेंबूड हिरवा होतो तोही त्यानंच. हे मी माईला सांगितलं नाही. तिच्या हातात चहाचा कप होता.

ही १९५६ सालची गुरुपौर्णिमा. आम्ही मुलुंडला पाच रस्त्याच्या अलीकडे एका बैठ्या घरात राहत होतो. माझे वडील, म्हणजे नाना, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. आईला आम्ही माई म्हणायचो. धाकटा भाऊ विद्याधर फोर्टात विम्याच्या कचेरीत होता. मी बी.एस्सी. झाले होते आणि स्टेशनाजवळ डॉक्टर सबनीसांच्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी, थुंकी तपासत होते. दिवसभर हे असलं हाताळून घरी आलेली बाई कशाला नाक मुरडणार, असं सगळ्यांना वाटायचं. म्हणून नानांची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं.

नानांना मधुमेह होता. एप्रिलात नवी चप्पल उजव्या पायाच्या करंगळीला चावली. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या पायाला दुखणं समजेनासं झालं होतं. माईला फरशीवर ओला ठसा दिसला तेव्हा घरात कळलं. मे महिन्यात परळच्या मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, करंगळी काढू. नाना म्हणाले, पाहू. जूनच्या मध्यावर सर्जन म्हणाले, आता अर्धं पाऊल जाईल. नाना म्हणाले, पेनिसिलिन चालू आहे ना, पाहू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्जननी बोटानं स्वतःच्या गुडघ्याखाली एक रेघ ओढून दाखवली आणि म्हणाले, इथून, आणि लवकर, नाहीतर माणूस जाईल.

नाना म्हणाले, "गुरुपौर्णिमा होऊ दे."

यामागे एक कारण होतं, आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. भांडुप-मुलुंडच्या कामगारांसाठी नानांनी वीस वर्षं संध्याकाळचा वर्ग चालवला होता. तोवर अंगठा उठवणारी कितीतरी माणसं त्यांच्यामुळे सही करायला लागली. ती माणसं दर गुरुपौर्णिमेला येत, नानांना पाटावर बसवून त्यांचे पाय पंचामृतानं धूत आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेत. पहिल्या वर्षी नानांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. "अरे, मी मास्तर आहे, देव नाही," असं म्हणाले होते. दोन-तीन वर्षांनी ते तसं म्हणेनासे झाले. पुढे पुढे तर आठवडाभर आधी मोरीत बसून वजरीनं टाचा घासायचे, रात्री तळपायांना खोबरेल लावून घ्यायचे. दिसायला त्यांचे पाय खरोखर सुरेख होते, लांब बोटांचे आणि गोरे.

सर्जनकडून परत आलो त्या संध्याकाळी मी विचारलं होतं, "नाना, गुरुपौर्णिमेनं काय फरक पडणार आहे?"

त्यांनी धोतर जरा वर घेऊन पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "एका पायाची पूजा कशी करतील गं ती माणसं?"

मला आधी ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती हे कळलं तेव्हा मला त्यांची किळस आली. पायाची येत होती ती रोजची, कामाची किळस होती. ही वेगळी होती. ती मी वहीत लिहिली नाही.

पांढऱ्या पेशी मोजायचं काम डोळ्यांचं आणि तोंडाचं आहे. बोटातून काढलेलं रक्त काचेच्या बारीक नळीत तोंडानं ओढायचं, अर्ध्याच्या खुणेपर्यंत. वरून आम्लाचं निळसर पाणी ओढायचं, अकराच्या खुणेपर्यंत. त्यात लाल पेशी विरघळून जातात आणि पांढऱ्या उरतात. मग आखलेल्या काचेवर थेंब सोडून चार कोपऱ्यांच्या चौकटींतल्या पेशी मोजायच्या आणि पन्नासनं गुणायचं. मे महिन्यात नानांच्या चार चौकटींत दोनशे शहाण्णव पेशी होत्या. जूनमध्ये चारशे बत्तीस. सर्जननी रेघ ओढली त्या आठवड्यात पाचशे अठ्ठावीस, म्हणजे सव्वीस हजार चारशेचा आकडा. चांगल्या माणसाचा दहा हजारांच्या आत असतो.

नाना वर्गात या पेशींना शरीराचे शिपाई म्हणत. जंतू आले की शिपाई धावतात, लढतात, आणि मेलेले शिपाई म्हणजे पू. कामगारांना हे फार आवडायचं. मी कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मला एकही शिपाई दिसला नाही. ती पेशी धावत नाही, सरपटते. कुजणाऱ्या जागेतून जे काही झिरपतं त्याच्या ओढीनं ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चेपून बाहेर पडते, समोर येईल ते गिळते, गिळून गिळून फुगते आणि फुटते. फुटताना तिच्या पोटातला पाचक रस बाहेर पडतो. त्या रसाला जंतू आणि आपलं मांस यांतला फरक कळत नाही. नानांच्या पायाचं जे चाललं होतं त्यात जंतूंइतकाच हात या पेशींचा होता. मला यात शौर्य दिसत नव्हतं. पण त्या येत होत्या, हजारांनी येत होत्या, तोवर आशा होती.

गुरुपौर्णिमा रविवारी होती. शनिवारी मी प्रयोगशाळेत जाण्याआधी नानांचं रक्त घेतलं. संध्याकाळी बाकीची कामं आटोपल्यावर थेंब काचेवर सोडला. चार चौकटींत चौऱ्याऐंशी पेशी होत्या.

मी काच धुतली, नळी हलवली, दुसरा थेंब घेतला. त्र्याऐंशी.

मग मी दुसऱ्या काचेवर रक्त पसरलं, रंगवलं आणि तेलाच्या भिंगाखाली एकेक पेशी पाहायला बसले. पिकलेल्या पेशीचं केंद्र तीन-चार पाकळ्यांचं असतं. शंभरात तशा एकोणीस निघाल्या. बाकीच्या कच्च्या होत्या. वाकवलेल्या पट्टीसारख्या केंद्राच्या, काही तर त्याहून कोवळ्या, ज्या हाडांच्या आतल्या मज्जेतून अजून बाहेर पडायलाच नको होत्या. त्यांच्या अंगात काळसर भरड कण होते, आणि मधे मधे पोकळ भोकं. बुरशी आलेल्या भाकरीला पडतात तशी. कोठार रिकामं झालं होतं आणि शरीर हाताला लागेल ते बाहेर फेकत होतं. सव्वीस हजारांपेक्षा हा चार हजार दोनशेचा आकडा कितीतरी वाईट होता.

मी अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत एकूण संख्या. त्याच्यापुढे छापलेलं होतंच, की निरोगी माणसाची संख्या चार ते दहा हजार. खाली, बारीक अक्षरांत, बाकीचं सगळं मी बरोबर लिहिलं. कण, भोकं, टक्केवारी. एकही शब्द चुकला नव्हता. डॉक्टर सबनीस दुपारीच नातेवाइकांकडे नाशिकला गेले होते, सोमवारी येणार होते.

घरी पोचले तेव्हा विद्याधर दारातच उभा होता. त्यानं माझ्या हातातून कागद घेतला, पहिली ओळ वाचली आणि आत पाहून ओरडला, "माई! उतरला गं, आकडा उतरला! चार हजार! अगदी नॉर्मल!"

"खालचंही वाच," मी म्हणाले.

"खाली ते तुमचं लॅटिन. ते सबनीस वाचतील." त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "ताई, दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं आणलंस बघ. आज तरी ते इस्पितळातलं तोंड करू नकोस."

माईनं देवापुढे साखर ठेवली. नाना खाटेवरून हसले. तापही उतरला होता, सकाळपासून. "पेनिसिलिनला उशीर लागतो, पण लागू पडतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला म्हटलं नव्हतं?" विद्याधर कोपऱ्यावरून पेढे घेऊन आला. सकाळीच नानांच्या लघवीची परीक्षानळी विटेच्या रंगाची झाली होती, म्हणजे साखर भरपूर होती, तरी त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी उभी होते आणि तोंडात पेढा होता. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी सगळं लिहून दिलं आहे, वाचायचं काम त्यांचं, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी मी ताप पाहिला. शहाण्णव आणि चार दशांश. नाडी एकशे अठ्ठावीस. कपाळ ओलसर, हात गार. जुलैच्या दमटात नानांनी घोंगडी मागितली होती. "बघ, अंग कसं गार झालंय," माई समाधानानं म्हणाली. मी वहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या, डागाचं माप लिहिलं आणि वही मिटली.

नऊपर्यंत माणसं यायला लागली. पुढची खोली, ओटी, पायऱ्या भरून गेल्या. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात काम करणारा जयवंत सगळ्यांच्या पुढे होता. तो मालवणकडचा. नानांकडे शिकून तो वर्तमानपत्र वाचायला लागला होता आणि पाला बांधणारा तोच. त्याची बायको मालन सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन भिंतीशी बसली होती. उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता. माईनं सोनटक्क्याच्या फुलांची परडी नानांच्या पायाशीच ठेवली होती. त्या धुरातून आणि त्या फुलांतून पायाचा वास सरळ वर येत होता, गोडूस, उतरलेल्या माशासारखा. दाराशी बसलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. तिला भरून आलं आहे असं वाटून विद्याधरनं तिला पाणी नेऊन दिलं.

नाना पाटावर बसले. त्यांना उचलूनच बसवावं लागलं. दोन्ही पाय पितळेच्या परातीत ठेवले.

"माणिक," नाना मला म्हणाले, "पट्टी सोड."

"नको नाना. वरूनच करू दे त्यांना."

"म्हणजे त्यांनी पट्टीची पूजा करायची का?"

माणसं हसली. मी खाली बसले आणि पट्टी सोडायला लागले. चौथ्या वेढ्यानंतर कापड ओलं होतं. शेवटचा थर चिकटला होता, तो कोमट पाण्यानं भिजवून काढावा लागला. तो निघताना त्याच्याबरोबर एक करडं साल निघालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडून सुकलं होतं, खारकेसारखं. त्याच्या शेजारचं ओलं होतं. पाऊल फुगून चकाकत होतं. शुक्रवारी पोटरीपर्यंत चढलेली लाली आता नव्हती. सूज होती आणि लाली नव्हती, जागा फिकट, निळसर आणि गार होती. विद्याधर वरून वाकून म्हणाला, "लाली पण गेली की!" मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

जयवंतनं दूध घातलं. दही, तूप, मध, साखर. सगळं त्या पायावरून ओघळून परातीत उतरलं. वरून पांढरं जात होतं, खाली पिवळं-गुलाबी होऊन साचत होतं. दह्याची कवडी काळ्या बोटाच्या बेचक्यात अडकली, ती जयवंतनं बोटानं अलगद काढली. त्यानं अंगठ्याला गंध लावलं, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला ओलं लागलं होतं आणि ते भुवईपर्यंत आलं. त्यानं ते पुसलं नाही.

मग त्यानं परातीतलं पाणी वाटीत घेतलं, पळीनं तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून प्यायला.

त्याच्या घशाची गाठ वर जाऊन खाली आली. माझ्या तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. वाटी पुढच्या माणसाकडे गेली. तोही प्यायला. मग एक म्हातारा, मग त्याचा भाऊ. दूध होतं, मध होता, आणि थेंबाथेंबात त्याच पेशी होत्या, ज्या मी काल रक्तात एकेक करून मोजल्या होत्या. मी उठले नाही. मला वाटत होतं, हे आता संपेल. दरवर्षी दहा मिनिटांत संपतं.

वाटी मालनकडे गेली. तिनं आधी स्वतः घेतलं नाही. करंगळी बुडवली आणि ती मुलीच्या ओठांकडे नेली.

मी हात मारून वाटी उडवली.

ती फरशीवर आपटली आणि गोल फिरत राहिली. पाणी नानांच्या धोतरावर उडालं, मालनच्या पातळावर उडालं. मूल रडायला लागलं.

"माणिकताई, ह्या काय केलात?" जयवंत उभा राहिला.

"मालन, हात धू. साबणानं. आधी तिच्या तोंडाला लागलंय का बघ."

"ता तीर्थ आसा, ताई," मालन घाबरून म्हणाली.

"पू आहे तो."

 हा शब्द आमच्या घरात दोन महिने कुणी उच्चारला नव्हता. आम्ही म्हणत होतो, पायाला पाणी येतंय. आज जरा जास्त पाणी आलं. माईसुद्धा धुण्याच्या बाईला तसंच सांगायची.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं?" विद्याधर पुढे आला. "आज? चारचौघांत? अगं, आकडा उतरलाय! काल तूच मोजलास ना!"

"मीच मोजला. तो चांगला उतरलेला नाही. काल मी बोलले नाही."

"का नाही बोललीस मग? पेढा खाल्लास की!"

"खाल्ला."

 जयवंत म्हणाला, "तुमी शिकलेल्या, ताई. पण म्हणान गुरूच्या तीर्थाक असा बोलूचा?"

"थांबा रे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण वर्गातला होता. सगळे खाली बसले. "माणिक, इथं समोर ये. सांग नीट. यांनाही कळेल असं सांग."

मी समोर बसले. परात आमच्या मधे होती.

"तुम्ही ज्यांना शिपाई म्हणता ते संपलेत, नाना. सव्वीस हजार होते. आता चार हजार उरलेत, आणि त्यांतले पाचांतले चार कच्चे आहेत. हाडांत नवे तयार होतात त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ पाय देत नाहीये. जे येतात ते सगळे तिथं जाऊन फुटतायत."

"आणि ताप?"

"ताप यायलाही अंगात ताकद लागते. तो उतरला नाही, थकला. पायाची लाली गेली तीही त्यामुळेच."

"म्हणजे पेनिसिलिन लागू पडलं नाही."

"त्या बोटांत रक्तच जात नाही. पेनिसिलिन कुठून जाणार?"

नानांनी पाटाची कड धरली. त्यांना दम लागला होता. "मग आता जंतू कुठं आहेत?"

"रक्तात उतरलेत असं मला वाटतं."

माईनं तोंडावर हात ठेवला. विद्याधरनं खिशातला कागद काढला आणि आता तो खालच्या ओळी वाचायला लागला. त्याचे ओठ हलत होते.

नानांनी परातीकडे मान वळवली. "यात काय काय आहे?"

"नाना, पुरे."

"मी विचारतोय."

"मेलेल्या पांढऱ्या पेशी. जंतू. आणि त्या पेशींच्या रसानं विरघळलेलं तुमच्या पायाचं मांस."

"हे जयवंत प्यायला."

"हो."

"जयवंता," नाना म्हणाले, "तुला वास आला नाही रे?"

जयवंत खाली बघत होता. भुवईवरचं गंध वाळून पापुद्रा धरत होतं. "येता, नाना," तो अखेर म्हणाला. "दोन महिने झाले, येता."

"मग बोलला नाहीस?"

"गुरूच्या पायाक वास येता, ह्या गुरूक कसा सांगूचा?"

कुणीतरी हुंदका दिला. नानांनी एकेकाकडे पाहिलं. जो तो दुसरीकडे बघायला लागला. शेवटी त्यांनी माईकडे पाहिलं.

"तुलाही?"

"रोज तुमच्या खाटेशी फुलं कशाला ठेवते मग मी?" माई म्हणाली. "हौसेनं?"

"आणि विद्याधर?"

विद्याधर म्हणाला, "मी ओटीवर झोपतो, नाना. उकडतं म्हणून नाही."

"मला येत नाही," नाना म्हणाले. "मला खरंच येत नाही गं, माणिक."

"सतत जवळ असलं की नाकाला कळत नाही."

मग त्यांनी एक गोष्ट केली. परातीत हात बुडवला, आणि ओली बोटं वर आणून नाकाशी धरली, अगदी टेकवून. बराच वेळ काही झालं नाही. ते नुसते हुंगत राहिले, डोळे बारीक करून, मुलाची पाटी तपासावी तसे. मग त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. त्यांच्या मधे एक तार ताणली गेली. ती त्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा आक्रसला, खांदे उचलले गेले आणि त्यांना कोरडी उबळ आली. एकदा, दुसऱ्यांदा. त्यांनी हात अंगापासून लांब धरला आणि तो कुठं पुसावा ते त्यांना कळेना.

दोन महिन्यांत मी त्यांना मरणाबद्दल सांगितलं होतं, सर्जननी सांगितलं होतं. ते ऐकून ते शांतपणे मान हलवायचे, देह कधीतरी जाणारच म्हणायचे. ही उबळ मी पहिल्यांदा पाहत होते. मला बरं वाटलं. वडिलांना ओकारी येताना पाहून बरं वाटतं आहे हे मला कळत होतं, तरी बरं वाटलं.

मी टॉवेल दिला. त्यांनी हात पुसला, टॉवेल बाजूला टाकला. नंतर धोतराच्या सोग्यानं पुन्हा पुसला.

"मालन," ते म्हणाले, "पोरीला घेऊन मोरीत जा. माई साबण देईल. जयवंता, तू पण. ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांनी चुळा भरा, घशात बोट घालून काढता आलं तर काढा. लाजू नका. माणिक, हे ओतून दे. झाडाला नको घालू, गटारात ओत."

माणसं उठली. मोरीपाशी गर्दी झाली. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. मी परात उचलायला वाकले. तिच्यातून पाय उचलताना नानांनी तो स्वतःच्या दोन्ही हातांनी उचलला, लाकूड उचलावं तसा, आणि पाटाच्या कडेला ठेवला. तो त्यांचा असल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"विद्याधर, टॅक्सी बघ. इथं नाही मिळाली तर नाक्यापर्यंत जा."

"आत्ता? नाना, आज रविवार. सर्जन असतील का?"

"कुणीतरी असेल."

"पण तिथं गेल्यावर सांगायचं काय? सबनीसांची चिठ्ठी नाही. ते विचारतील, पेशंट तयार आहे का. तीनदा नाही म्हणून आलोय आपण."

 मोरीत नळ वाहत होता आणि कुणीतरी जोरजोरात खाकरत होतं. नानांनी तोंड पुसलं.

"सांग, पेशंट स्वतः म्हणतोय," नाना म्हणाले. "पाय कापायचाय. गुडघ्याच्या वरून म्हणाले तर वरून."